कोरा नमुना

बाटल्या आठवडाभर आम्लात बुडवून ठेवल्या,
मग तीन पाण्यांनी धुतल्या, मग पिशवीत पिशवी.
नियम असा, की एकाने फक्त बाटलीला हात लावायचा,
बाकी सगळ्याला दुसऱ्याने.
कागदावर तसंच लिहितात: स्वच्छ हात, मळका हात.
माझा स्वच्छ. हरेश्वर वैतींचा मळका.
ते हसले नुसते, आणि नांगर सोडला.

माहीमच्या खाडीच्या तोंडाशी होडी वाऱ्याला सामोरी धरायची,
इंजिन बंद,
म्हणजे आपलाच धूर आपल्याच बाटलीत उतरत नाही.
होडीच्या तळाला तांबडा रंग, तांब्याचा,
कालवं धरू नयेत म्हणून.
पंख्याशेजारी जस्ताची वडी, अर्धी विरघळलेली.
ती खपते म्हणून लोखंड टिकतं, वैती म्हणाले,
प्रत्येक घरात असतं तसं एक माणूस.

वर पुलावर गाड्या.
टायर झिजतं त्याचं जस्त, ब्रेक घासतो त्याचं तांबं,
गेल्या भाद्रपदातल्या सोनेरी मुकुटाचा वर्ख,
कुणाच्या तरी भट्टीत फोडलेल्या बॅटऱ्यांचं शिसं,
आणि समोरून मिठी,
भरतीला मागे रेटली जाणारी, ओहोटीला मोकाट.

मिठीवर मी जास्त बोलत नाही.
कुर्ल्यात तिच्या काठच्या गल्लीत माझे वडील
नळांना चकाकी देत.
आधी निकेल, मग क्रोम,
हिरवा हौद, नारिंगी हौद, आणि वायरीवर टांगलेल्या तोट्या.
शनिवारी हौद बदलायचे.
जुनं पाणी रात्री, दिवे मालवून, गटारात.
मी पायरीवर बसून बघायची, किती छान रंग तो.
बाबा म्हणायचे, समुद्र मोठा आहे गं,
सगळं पोटात घालतो.

झोपेत त्यांच्या नाकातून बारीक शीळ यायची.
मला वाटायचं, स्वप्नात गात असतील.
कॉलेजात कळलं:
क्रोमच्या वाफेने नाकातला पडदा खातो,
भोक पडतं, त्यातून वारा वाजतो.

ओहोटीला गाळात नळी खुपसली.
प्रयोगशाळेत तिचे काप केले, सेंटिमीटराला एक,
वडीसारखे.
चौतिसाव्या कापात निकेल उसळलेलं.
साल अंदाजे काढतात, गाळ ढवळतो, खात्री नसते.
तरी मी अठ्ठ्याऐंशी लिहिलं
आणि बराच वेळ त्या कापाशेजारी बसून राहिले,
दवाखान्यात बसतात तशी.

पोटात घालणं म्हणजे विसरणं नव्हे, बाबा.

तिसऱ्या दिवशी यंत्राने आकडे दिले.
एक बाटली आम्ही समुद्रात बुडवतच नाही,
शुद्ध पाणी भरून नुसती फिरवून आणतो.
तिचं नाव कोरा नमुना. तिच्यात काही नसावं.
तिच्यात जस्त निघालं.
हातमोज्यांची पूड असेल, उन्हाचं मलम असेल,
किंवा माझा श्वास, कोण जाणे.
रीत अशी, की कोऱ्यातलं प्रत्येकातून वजा करायचं.
म्हणजे मला वजा करायचं,
मग उरेल तो समुद्र.

मी वजा केलं. अहवाल तसाच लागतो.

वैतींना आकडे दाखवायला गेले तर
त्यांची सून फणीबाई तिसऱ्या धुत होती,
टोपात कवचांचा खुळखुळाट.
खावं का नाय ते सांग, ती म्हणाली.
मी मर्यादा सांगितली, अब्जात अमुक भाग.
रोजच्या माणसाची का पाव्हण्याची?
आमी रोज खातो.

माझ्याकडे पाव्हण्याचाच तक्ता होता.

रात्री रकाना भरायला घेतला: स्रोत.
कारखाने, सांडपाणी, वाहने, जहाजे, नैसर्गिक, इतर.
एकावर खूण करा.
खिडकीत बाबांच्या हातची तोटी आहे,
पस्तीस वर्षांनी अजून तोंड दिसतं तिच्यात,
थोडं लांबट.
तिच्याखाली मी पेन धुतलं,
मग हात.