तेविसावी नळी

पाषाणला, तळमजल्यावर, एक खोली आहे.
खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावलेली.
आत शिरताना ओव्हाळमामा हात आडवा करतात:
आधी चप्पल, मग ओढणी, मग केसांवर टोपी.
"इथं धुळीचा विटाळ असतो, मॅडम," म्हणतात,
आणि आपल्याच शब्दाला हसतात
तोंडाच्या एकाच बाजूनं.

बावीस नळ्या गेल्या.
बोटाएवढी जाड, वीतभर लांब, पांढरी सिरॅमिकची नळी.
तिच्यावर सिलिकाचा थर इतका पातळ
की त्याच्यापुढे केस म्हणजे शनिवारवाड्याचा तट.
त्या थरात वाटा असतात,
हायड्रोजन निघून जाईल, नायट्रोजन अडेल
एवढ्याच रुंद.
कागदावर.
प्रत्यक्षात सूस रोडला एक टॉवर उठत असतो,
त्याच्या सिमेंटचा कण वाऱ्यावर बसून येतो,
ओल्या थरावर टेकतो,
भट्टीत निखळतो, मागे भोक ठेवतो.
मग आलेखावर नायट्रोजनचा सुळका,
आणि अब्जावधी भोकांची चाळण करायला बसलेली मी
एका भोकासाठी रडते.

नुसत्या सिलिकाचं दुसरं दुखणं वाफ.
हायड्रोजन निघतो तिथं वाफ असणारच,
पाचशे अंशांवर, दिवसरात्र.
वाफ लागली की वाटा आवळत जातात,
थर स्वतःतच मिटतो
आणि चाळणीची भिंत होते.
म्हणून कोबाल्ट. चार सिलिकॉनमागे एक.
घरात एखादा परका राहायला आला
की घरचे एकमेकांवर कोसळत नाहीत, तसं काहीसं.
सर म्हणाले, हे प्रबंधात लिहू नकोस.

तेविसाव्या नळीसाठी रविवारची पहाट धरली.
तीन वाजलेले, जानेवारी,
मिक्सर थांबलेले, दवानं धूळ बसलेली.
मामांनी फरशी तीनदा पुसली.
उभ्या काचपात्रात गुलाबी द्रावण,
कोबाल्टचा तो रंग, बर्फाच्या गोळ्यासारखा,
त्यात नळी उतरली, थांबली,
आणि सावकाश वर आली
आमचे दोघांचे श्वास धरून.
मग भट्टी. मिनिटाला एक अंश, सहाशेपर्यंत.
घाई केली तर तडे.
साडेनऊ तास.

बाहेर पायरीवर थर्मासमधला चहा.
मामा न विचारता बोलले:
थोरली आत्या मावळात आडापाशी
रिकामी घागर घेऊन उभी राहायची,
कुणीतरी वरून पाणी घालीपर्यंत.
कधी दुपार व्हायची.
"दार तिथंपण होतंच की. कोण आत, कोण भायेर, ठरलेलं."
कप उपडा करून त्यांनी शेवटचा थेंब झटकला.
"तुमचं दार बरंय.
सगळ्यात बारक्याला आधी सोडतंय."

मला उत्तर सुचलं नाही.
म्हणायचं होतं, मामा, हे फक्त आकाराचं आहे,
अणूंना काही माहीत नसतं.
पण वेताळ टेकडीमागून उजाडत होतं
आणि भट्टी तीनशेवर पोचली नव्हती.

नळी निघाली काळपट निळी.
आलेखावर सुळका नव्हता.
उंचवटा होता; सर चष्मा काढून बघत राहिले,
म्हणाले, चालेल, वाफ सोडा.

आज वाफेचा अकरावा दिवस.
हायड्रोजन थोडा उतरलाय, मग स्थिरावलाय.
बाविसावी नळी याच दिवशी गेली होती,
म्हणून मी सकाळपासून जेवले नाही.
मामा येता-जाता काट्याकडे बघतात.
नोंदवहीत तापमान, दाब, वेळ,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
त्यांच्या तिरक्या अक्षरात रोजचं तेच:
वाफ चालू. वाट उघडी.