सगुणमाम

रात्री पावणेतीनला कुणी जागं असलं तर
तहानेनं, नाहीतर सगुणमाम म्हणून.

साखळी–वाळपई लायनीवर एकतीस वर्षं तिकिटं फाडली.
आता आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास
नळ्यांना जोडून पडलेला असतो,
आणि उरलेल्या वेळात आमचे फोन घेतो.

माझाही पहिला फोन असाच.
दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच कढी.
घरामागे माड, माडांवर शहाळी, शहाळ्यांना बंदी.
"माम, जीभ टाळूला चिकटलीय."
"बर्फाचा एक खडा तोंडात टाक.
विरघळेपर्यंत नवऱ्याशी भांडू नको.
भांडलीस तर घसा सुकतो, खडा फुकट."
हसले मी. कितीतरी दिवसांनी.

मग शिकवलं: ह्या हातावर झोपायचं नाही,
बांगडी नको, घड्याळ नको.
दिवा घालवला की मनगटावर कान ठेवायचा.
"आत गुरगुरतंय? मग गाडी चालू आहे. झोप आता."

पेडण्याची इजाबेल, काणकोणचा कुश्टा, डिचोलीचे तळावलीकर मास्तर,
कुणाचं पोटॅशियम किती, त्याला पाठ.
तिकिटामागे लिहून ठेवलेल्या
परत द्यायच्या सुट्ट्यांसारखं.

काहींना मूत्रपिंड मिळालं. उतरले.
"उतरलेला पासिंजर गाडीकडे वळून बघतो काय गो?
त्यात राग कसला."
मास्तर मात्र चवथीच्या आदल्या दिवशी
स्टॉप नसलेल्या जागी उतरले.
त्यांच्या बायकोचा फोन अजून येतो.
आता पथ्य विचारायला नाही.

त्याला कुणी काही विचारायचं नाही.
मीही नाही. खरं सांगते, सुचलंच नाही.

काल पावणेतीनला माझा फोन वाजला.
नुसता पंख्याचा आवाज. मग,
"जागी आसा गो?"
"माम?"
"कधीचा कान ठेवलाय हातावर.
कळत नाही, पंखा आहे की गाडी."
"पंखा बंद करा."

चपला फरफटल्या. बटण खटकलं.
पाती थांबेपर्यंत
माझ्या एका कानाशी तो,
दुसऱ्याशी माझंच मनगट,
गुरगुरणारं, निर्लज्ज.

पायानं नवऱ्याला हलवलं,
चावी शोध म्हटलं खुणेनं.
"आता ठेवा परत कान, माम.
सावकाश. मी उतरत नाही."