रापण

ताळगावच्या पठारावर, रात्री दीड.
आवेलिनानं एन्झाइमला शेपटी बांधून
गळ टाकलेला, एकाच माशासाठी.

खाजणाच्या चिखलातला तिचा जिवाणू
मेद विणतो दोन-दोन कार्बनांनी;
अर्धी साखळी काखेत मारून
एक चिमुकलं प्रथिन हिंडतं दारोदार.

जेलवर पट्टी हवी होती एक.
आल्या सात.
पेशीपटलापाशी राहणारे ओळखीचे निघाले,
पण हा रायबोसोमचा तुकडा
कुणी बोलावला?

"घाण आहे," सर म्हणाले, "परत धू."
तिनं तीनदा धुतलं. मीठ वाढवलं.
तो सुटेना.

बाणावलीला रापण ओढताना बाप सांगायचा:
आधी बघ काय काय आलंय,
मग फेक.

पहाटे वहीतलं 'घाण' तिनं खोडलं,
लिहिलं: शेजारी,
आणि प्रश्नचिन्ह द्यावं की नको,
पेन टेकूनच राहिलं, शाई पसरेपर्यंत.