दाखल क्रमांक ४१२

साखर पेठेतल्या आमच्या वाचनालयात
सगळ्यात जास्त हिंडलेलं पुस्तक हे.
तीनदा बांधणी झाली. वरून खाकी कागद,
आत चादरीच्या सुताचा टाका,
कारण बांधणारा इरय्या मुळात मागावरचा.

तसं पाहिलं तर साधी रहस्यकथा.
डोंगरावरचा बंगला, धुकं, चहात विष,
आणि चिरूट ओढणारा एक हुशार माणूस
जो शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो.

पान अकरावर, पहिल्याच संशयाच्या खाली,
कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: माळ्याने केला.
त्याखाली निळ्या शाईत: थापा. पुढे वाचा.
त्याखाली, बऱ्याच वर्षांनी, बॉलपेनने:
वाचलं. माळीच बरा होता.

बोल्ली जॉबर तिसऱ्या पाळीवरून थेट यायचे,
भुवयांवर कापसाची पिंज तशीच.
म्हणायचे, अण्णा, हा गुप्तहेर
पोटाला काय करतो? पगार कोण देतं याला?
तरी चारदा नेलं. चौथ्यांदा म्हणाले,
खुनी माहीत असला की जास्त भीती वाटते.
ती चहा गाळायला घेते ना,
तिथंच माझा हात थरथरतो.

निवृत्त हवालदार हत्तरकींचा आक्षेप एकच:
पंचनामा नाही.
दोनशे पानांत एक पंच नाही!
सिव्हिलमधल्या ढोबळे सिस्टर
पुस्तक टेबलावर ठेवता ठेवता बोलल्या,
एवढं विष पोटात गेलेला माणूस
असा टापटीप मरत नाही हो.
चादरी कुणी धुतल्या, ते लिहिलेलंच नाही.

मग एका वर्षी, गड्ड्याची जत्रा उठल्यावर,
पुस्तक परत आलं ते हलकं.
दोनशे आठनंतर काही नव्हतं.
फाडलेलं नव्हे. कापलेलं.
कात्रीने, एका रेषेत,
हाताला रोजची सवय असावी तसं.

मीही दिवा जवळ ओढला.
शिवणीच्या खाचेत तपकिरी भुकटी.
वास घेतला. तंबाखू,
पण तोंडातली नव्हे, सुपातली.
नोंदवहीत त्या महिन्यात सात नावं.
विड्या वळणारं घर एकच.

अनसूया कोंडा.
मुलाच्या कार्डावर पुस्तकं न्यायची.
घरात तेलुगू, वाचायला मराठी,
ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत.
पानांचं मी काही काढलं नाही.
शनिवारी आली तेव्हा एवढंच विचारलं,
कसं वाटलं?

ती कार्डाची कड नखाने खरवडत राहिली.
मग म्हणाली,
वीस वर्षं त्या बाईने त्यांची भांडी घासली.
मालकाने तिच्या पोरीचं काय केलं
ते ऐंशीव्या पानावर आहे.
एकच ओळ. कुणी थांबत नाही तिथं.
आणि शेवटी तिला गाडीत घालतात तेव्हा
तो चिरूट पेटवतो.

दंड किती, विचारलं तिने.
मी म्हटलं, उशीर दोन दिवसांचा,
वीस पैसे.

ती गेल्यावर ऐंशीवं पान काढलं.
एकोणीस वर्षं मी ह्या पुस्तकावर शिक्के मारले,
चार वेळा वाचलं,
माळ्यावर संशय घेतला, डॉक्टरवर घेतला.
ओळ होती.
समासात मात्र कुणाची पेन्सिल नाही.

आता नवे वाचक येऊन हुज्जत घालतात.
हत्तरकी शपथेवर एक शेवट सांगतात,
सिस्टर दुसरा, आणि कन्ना चौकातला एक पोरगा
म्हणतो, तपासच लागला नाही, लिहून घ्या.
बोल्ली असते तर म्हणाले असते,
नोकरी गेली वाटतं गुप्तहेराची.

परवा साठा तपासायला साहेब आले.
पानं मोजली. भुवई वर गेली.
ही शेवटची?
मी म्हटलं, नोंद करा, पूर्ण.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं,
आणि लिहिलं.

त्यांनीही कधीतरी वाचलं असणार.
चहा आला, तर कप हातात धरून
आधी माझा घोट होईपर्यंत थांबले.