अठरा अंश

पंचांगात एक ओळ असते, श्रावण सरता सरता,
बारीक टायपात, दोन सणांच्या मध्ये दबलेली:
अगस्ति दर्शन.
तिच्यावर कुणाचं लग्न ठरत नाही,
उपासही नसतो.
मी निवृत्त झालो त्या वर्षी ती पहिल्यांदा वाचली.

तेव्हापासून भाद्रपदात
बेलापूरच्या सेक्टरातून पायी उतरतो दिवाळ्याच्या जेट्टीवर,
पहाटे पाचला, हातात मासळीची पिशवी.
घरी सांगायला तेवढं कारण पुरतं.
ढग असले की नुसती कोळंबी घेऊन परत.

आज उघडलंय.
खाडीपलीकडे, उलव्याच्या अंगाला,
दक्षिणेपासून जरा पूर्वेकडे,
धावपट्टीच्या दिव्यांच्या वर
थरथरणारा पांढरा ठिपका.
हात लांब करून मोजतो: एक मूठ नि वर दोन बोटं.
व्याधानंतर रात्रीत याच्याइतका तेजस्वी तारा नाही,
आणि आमच्या अक्षांशावर हा
अठरा अंशांच्या वर कधी चढत नाही.
जिन्याखालून वाकून जावं
तसा क्षितिजाखालून-वरून निघून जातो.

जुन्या गणितींनी लिहून ठेवलंय:
मिथुनाच्या शेवटी, ऐंशी अंश दक्षिणेला.
मी ताडून पाहिलं. पंचाहत्तर नि वर थोडे.
चार अंश चुकले.
माझ्या लेव्हल-बुकात चार मिलिमीटर चुकले
तर बोरवणकर साहेब लाल पेन्सिलीनं गोल करून
अख्खी लाईन पुन्हा चालायला लावत.
पण त्यांच्याकडे एक नळी, एक शंकू, आपला डोळा,
आणि दक्षिणेला खाली कायमची धूळ.
मी त्यांना पास करतो.

चांगुणा मढवी होडीतून टोपल्या उतरवून घेते.
"काय बगताव रोज तिकरं, सायेब?"
मी बोट दाखवतो.
"तो? आमचे सासरं त्याला खालचा बोलाचं."
मी सांगतो, हा अगस्ती.
यानं एकदा ओंजळ लावून समुद्र पिऊन टाकला होता.
ती पलीकडे बघते, भरावाकडे,
तिथून कुंपणाच्या जाळीकडे,
नि टोपली खाली ठेवत म्हणते,
"मंग यो तुमचे हापिसातलाच."

आणि म्हणतात, मी घाईनं पुढे बोलतो,
हा उगवला की पावसाळी गढूळ पाणी निवळतं.
ती बादली बुडवते, वर काढते,
माझ्यासमोर धरते. नुसती धरते.
काळपट पाणी, थर्माकोलचा एक दाणा,
तळाशी सावकाश बसत जाणारा गाळ.

विंध्याला तो म्हणाला होता,
मी परत येईपर्यंत असाच वाकून राहा.
ही गोष्ट मी तिला सांगत नाही.

उलव्याच्या टेकडीवर माझा बेंचमार्क होता,
कातळावर लाल त्रिकोण, खाली शून्य-सात.
सुरुंग लागायच्या आदल्या दिवशी शेवटची उंची घेतली.
स्टाफ धरायला हरेश म्हणून नवा पोरगा होता,
वाऱ्यात तो सारखा हलत होता,
मी ओरडलो, सरळ धर, सरळ.
टेकडीला कुणी काहीच सांगितलं नाही.

हिशेब केलाय मी:
ती असती तर या जेट्टीवरून अगस्ती
दहाबारा मिनिटं उशिरा दिसला असता.
एवढी मिनिटं माझ्या नावावर जमा आहेत
आणि ती कुठल्या रकान्यात भरायची, कळत नाही.

अर्घ्याला काशफुलं लागतात.
भरावावर ती भरपूर फुललीत, जाळीच्या आत,
वॉचमनच्या दिव्यात पांढरी.
मी बादली घेतो तिच्या हातातून,
दक्षिणेकडे तोंड करून हळूहळू ओततो,
आधी वरचं पाणी, मग तळाचा गाळ.
खाडी आवाजही करत नाही.

"अवं, बादली द्या इकरं,
ओटी लागली."

तारा फिकट होत चाललाय.
ती वाटा मोजते, मूठभर कोळंबी वर टाकते,
आणि एक विमान, दिवे लावून, त्याच्याच खालून उतरतं.