आईकडून

सुगी उरकली की हेळवी यायचा,
बैलाच्या पाठीवर वह्या लादून.
पायरीवर बसून आमचं घराणं वाचायचा
एका दमात, नाकातून:
रायाजीचा पुत्र धारोजी, धारोजीचा निंबाजी,
निंबाजी मलप्रभेच्या अल्याड आला,
एक भाला, एक घोडी.
वडील त्याला पायलीभर भात घालायचे.
आई आतून ऐकायची.
चौदा पिढ्यांत बाईमाणूस म्हणून
काय ती घोडी.

यंदा दुसरीच माणसं आली, जीपमधून,
कापूस लावलेल्या काड्या आणि बर्फाची पेटी घेऊन.
मी दुभाषी, दिवसाला सहाशे रुपये.
शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या,
वर गावाची पाटी, दोनदा डांबर फासलेली,
एकदा एका लिपीवर, एकदा दुसऱ्या.
गालाच्या आतून काडी फिरवायची
आणि अर्जात लिहायचं:
तुमची आई. तिची आई. तिची आई.
पाच रकाने.

सातूबाई गुरव तिसऱ्यात अडकली.
फकिरव्वा दुसऱ्यातच हसायला लागली,
"अव्वाला कसलं आलंय नाव? अव्वाच की."
कुणी म्हणाली, नांदायला आल्यावर बदललं,
आधीचं कोण जपूलालंय?
चौथ्या रकान्यापर्यंत एकही पोचली नाही.
मीसुद्धा. माझ्या पणजीला
सगळे नुसतंच काकी म्हणायचे.

हे कशासाठी, ते सांगताना माझी अडचण झाली.
मग नाळेचा कानडी शब्द आठवला, होक्कुळबळ्ळी,
बेंबीची वेल.
वेल म्हटल्यावर सगळ्यांना कळलं.
सातूबाई म्हणाली, दोडक्यासारखं तर,
लावायचा एकीच्या परड्यात
आणि धरतो दुसरीच्या कुंपणावर.

आठ महिन्यांनी पाकीट आलं.
सरांनी टेबलावर नकाशा पसरला.
आमचा बाण उत्तरेकडून आलेला नव्हता.
समुद्रावरून आला होता,
गोव्याच्या धक्क्यावर उतरून घाट चढलेला.
आणलेली असेल, सर म्हणाले,
विकलेली, किंवा पळालेली,
तेवढं यात लिहिलेलं नसतं.
आमच्या ओळीशी अक्षर न् अक्षर जुळणारा
या तालुक्यात एकच नमुना:
पास्कीन, सिद्दी,
रानापलीकडच्या वाडीवरची.

दिवसभर कानडीचं मराठी केलेलं मी,
इंग्रजीचं कानडी,
रात्री आईला मराठीतलं मराठीत सांगता येईना.
वडिलांनी ताटावरून मान वर केली नाही.
"गावात बोलायचं नाही," एवढंच.
आई म्हणाली, "खरं, ती माझी कोण लागते?"
मी नाती चाचपली.
चुलत नव्हे. आत्ये नव्हे, मामे नव्हे.
उरला तो शब्द तोंडात धरून
मी भांडी घासली.

पाकीट तांदळाच्या डब्यात गेलं.
पुढल्या सुगीला हेळवी आला,
त्यानं सगळं परत वाचलं, भाला, घोडी.
आईनं या खेपेला भात स्वतः आणून घातला,
पायलीला चिपटं कमी.

नंतर एका रविवारी खानापूरच्या बाजारात
पत्र्याच्या डब्यात मध घेऊन बसलेली एक जण.
पास्कीन नव्हे, तिच्यातलीच कुणी,
कुरळे केस तेलानं चापून बसवलेले.
आई उकिडवी बसली, बोट बुडवून चाखलं.
"तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?"
"काय ठावं बाई. हल्याळकडचं म्हणतात.
आणि तुमच्या आईचं?"
आई कनवटीचे पैसे मोजत राहिली,
एकदा मोजून झालेले, पुन्हा.
"तिकडंच कुठंतरी," म्हणाली,
आणि बाटली पुढं धरून
वर्ताळा मागितला.