ट्यूबलाइटची साक्ष

एकतीस वर्षं मी कानानं फेरे मोजले.
गव्हर्नरचा स्क्रू पाव आटा आत,
केसभर बाहेर,
मग डोळे मिटून थांबायचं.
घरघर एका रेषेत आली की
जनरेटरच्या झाकणावर खडूनं लिहायचं: ठीक.
मल्हारगंजात कुणालाही विचारा,
रेट्रेकरांच्या 'ठीक'ची फेरतपासणी कुणी केली नाही.

मार्चमध्ये वैजयंतीबाईंचं पिकोचं मशीन जळलं.
मग एका दाताच्या दवाखान्यातला पंप.
जनरेटर दोन्ही माझ्याच हातचे,
खडूही माझाच.
कानाचा डॉक्टर म्हणाला, वरचे सूर गेलेत.
कधी गेले?
तो म्हणाला, जाताना सांगत नाहीत.

म्हणून सियागंजात, बुरहानुद्दीनभाईंच्या काउंटरवर
मीटर मांडून बसलो.

एक रबरी टोकाचा, शाफ्टच्या तोंडाशी दाबून धरायचा.
पण गवत कापायचं एवढंसं इंजिन,
टोक टेकलं की दमतं,
साहेब वर्गात आल्यावर पोरगं पाढा विसरतं तसं.

दुसऱ्याची वायर प्लगच्या वायरीला गुंडाळायची,
तो ठिणग्या मोजतो.
आमच्या फोर-स्ट्रोकचं मॅग्नेटो मात्र दर फेऱ्याला ठिणगी टाकतं,
एक कामाची, एक फुकटची.
याला फुकटची कळत नाही. दुप्पट सांगतो.
"बटण आहे ना भिया, बदलून घ्यायचं."
बटण आहे.
ते आठवणीनं दाबणारा मीच ना?

मग एक नुसती तार.
इंजिनाला टेकवायची, लांब-आखूड करत जायची,
जिथं टोक पंख्यासारखं फुलेल तो आकडा.
सेल नाही, काच नाही.
फार आवडला मला तो. दोनदा हातात घेतला.
पण कुठं सगळ्यात जास्त फुलली
ते ठरवणार माझे डोळे,
आणि डोळेही जाताना सांगणार नाहीत.

राहिले लाल ठिपक्याचे दोन.
फ्लायव्हीलवर चमकती पट्टी चिकटवायची, नेम धरायचा.
एक नऊशेचा, एक चोवीसशेचा.
दोघांचे आकडे सारखेच ठाम.

म्हटलं, भाई, ट्यूबलाइट आहे का? जुनी, चोकवाली?
दुकानात सगळीकडे एलईडी.
मागच्या गोदामात, पाइपांच्या वर,
धुळीनं पिवळी झालेली एक सापडली.
"वालिद के टाइम की है," भाई म्हणाले,
आणि स्वतः स्टूलावर चढून स्टार्टर फिरवला.

वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते,
ट्यूब शंभरदा मंदावते,
मिनिटाला सहा हजार.
आपल्याला दिसत नाही. ती मंदावत राहते.

नऊशेचा म्हणाला पाच हजार आठशे,
मग बारा हजार,
मग गप्प.
चोवीसशेचा: ५९९८. ६००१. ५९९९.
भाईंनी शंभर कमी केले, ट्यूब चालूच ठेवली.

घरी आलो तो थेट ओट्यावरच्या जनरेटरकडे.
कालच लिहिलं होतं: ठीक.
पट्टी लावली, दोरी ओढली, नेम धरला.
तीन हजार तीनशे दहा.

हवे होते मोकळ्यावर एकतीसशे,
ओझं पडलं की तीन हजार.
मला न ऐकू येणारा सूर ऐकू यावा
म्हणून मीच त्याला वर्षावर्षानं
थोडं थोडं पळवत नेलं होतं.

स्क्रू बाहेर. अजून बाहेर.
आकडा जागेवर आला
तेव्हा इंजिन मला आजारी वाटलं,
झोपेत बोलल्यासारखं.
बंद केलं नाही.
शेजारी पाट टाकून बसलो, पेट्रोल सरेपर्यंत,
नव्यानं ओळख करून घेत.

मग खडू घेतला. आकडा लिहिला, तारीख लिहिली.
नेहमीचा शब्द लिहायला हात गेला,
तो मागे घेतला
आणि वैजयंतीबाईंना फोन लावला.